मधला बॉल कोणाचा?

टेनिस स्पर्धेच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत पुरुष दुहेरीला बहुधा वेळ दिलेली नसते. 'वरील सामना संपल्यावर' एवढंच छापलेलं असतं. वरचा सामना एकेरीचा. तो तासाभरात आटपेल, तीन तास चालेल, कुणाची पोटरी आखडली म्हणून मध्येच सुटेल; दुहेरीच्या चौघांनी तोवर आत केळी खात बसायचं. मग कधीतरी बोलावणं येतं. चौघं खांद्यांवर भल्यामोठ्या बॅगा लटकवून बाहेर येतात, हसून हात वर करतात, आणि समोर बघतात तर प्रेक्षकांच्या पाठी.

पुण्यातल्या बालेवाडीत हे दृश्य मी पुष्कळदा पाहिलं. तिथली स्पर्धा चेन्नईत वीस वर्षांहून अधिक मुक्काम करून 2018 मध्ये पुण्याला आली, 'महाराष्ट्र ओपन' झाली, आणि 2021 चं साल महामारीत बुडालं ते सोडलं तर 2023 पर्यंत टिकली. तेवढ्या काळात पुणेकरांनी जागतिक टेनिसला जे काही शिकवायचं होतं ते शिकवून घेतलं.

एकेरीचा शेवटचा फटका पडला की स्टँडमधल्या खुर्च्या धडाधड मिटायच्या. कुणीतरी म्हणायचं, "चला, संपलं." शेजारून बायको म्हणायची, "अहो, अजून डबल्स आहे ना?"

"डबल्समध्ये काय बघायचंय! अर्ध्या कोर्टाचा खेळ."

आता पुण्यात चारचौघांत असं ढोबळ विधान करून कुणी सुखरूप पार्किंगपर्यंत पोचत नाही. मागच्या रांगेतून आवाज यायचाच. "अर्ध्या नाही, दोन तृतीयांश. सिंगल्सचं कोर्ट रुंदीला 27 फूट. डबल्सला दोन्हीकडच्या साडेचार-साडेचार फुटांच्या गल्ल्या धरतात, झाले 36. दोघांत वाटले की एकेकाला 18. आता 27 पैकी 18 म्हणजे..." बोलणारे गृहस्थ सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असणार. ऐकणारा जिना उतरून गेला तरी त्यांनी हिशेब तडीस नेला.

हिशेब बरोबरच आहे. पण गोम त्या 18 फुटांत नाही, दोन अठरांच्या सांध्यावर आहे. बॉल नेमका दोघांच्या मधून आला तर तो कोणाचा? टेनिसचे नियम लिहिणाऱ्यांनी नेटची उंची मधोमध 3 फूट असावी इथपासून सगळं बारकाईनं लिहून ठेवलं, पण मधल्या बॉलबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. ते दोघांनी आपसांत बघून घ्यायचं. एकेरीत माणूस समोरच्याशी खेळतो. दुहेरीत समोरचे दोघे असतातच, पण खरा सामना शेजारच्याशी चालू असतो. आणि तो त्याच तिकिटात बघायला मिळत असताना लोक उठून जातात!

उठून न जाणारेही असतात म्हणा. कोचनं दमात घेऊन बसवलेली अकादमीतली पोरं असतात. तिकिटाचे पैसे शेवटच्या पॉइंटपर्यंत वसूल करणारी कुटुंबं असतात. त्यांना खाली काय चाललंय याच्याशी कर्तव्य नसतं, दिवे मालवले की ती उठतात. आणि असतात गुडघेवाले. पँटच्या आत नी-कॅप घालून आलेली, दर फटक्याला आपलाही खांदा किंचित हलवणारी ही माणसं रोज सकाळी कुठल्यातरी जिमखान्यात स्वतः दुहेरी खेळतात. दुहेरीचा खरा प्रेक्षक तो हाच. बाकीच्यांचं वागणं मला मोठं गमतीचं वाटतं. चाळिशी उलटलेला माणूस जगात कुठंही आपखुशीनं एकेरी खेळायला जात नाही. सकाळच्या कुठल्याही क्लबात डोकावा, एका कोर्टावर चार टोप्या. पण बघायची वेळ आली की याच लोकांना एकेरी पाहिजे.

पैसे वाटणारेही त्याच मताचे. 2024 साली विम्बल्डनच्या एकेरी विजेत्याला 27 लाख पौंड मिळाले; पुरुष दुहेरीच्या विजेत्यांना साडेसहा लाख, आणि तेही जोडीला मिळून. घरी नेताना त्याचे पुन्हा दोन भाग. हे अर्धे-अर्धे घरी नेणारे कोण होते तेही बघण्यासारखं आहे. फिनलंडचा हॅरी हेलिओव्हारा मधली काही वर्षं टेनिस सोडून हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी करत होता. त्याचा जोडीदार, इंग्लंडचा हेन्री पॅटन, पूर्वी याच विम्बल्डनमध्ये सामन्यांची आकडेवारी टिपायच्या कामावर होता. त्या अंतिम सामन्यात तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले, प्रतिस्पर्ध्यांच्या हाती मॅच पॉइंट आले, तरी हे दोघं ढळले नाहीत. लोकांना त्यांच्या धीराचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. विमान चुकलेल्या प्रवाशाशी काउंटरवर बोललेल्या माणसाला मॅच पॉइंटचं काय घेऊन बसलात!

या जोड्या जमतात कशा, हे कळलं तर लोक एकेरी सोडून तेवढंच बघायला येतील. बालेवाडीच्या दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीच्या 16 जोड्या घेतात. प्रवेश दोघांच्या क्रमवारीतल्या आकड्यांची बेरीज करून ठरतो. बेरीज जेवढी लहान तेवढी जागा पक्की. म्हणजे तुम्ही नव्वदावे असलात तर तुम्हाला चाळिसावा पाहिजे, आणि चाळिसाव्याला तुम्ही नको असता, त्याला दहावा पाहिजे असतो. आठवडाभर फोनवर निरोप फिरतात. "पुण्याला येतोयस का? कुणाबरोबर ठरलंय?" उत्तर येतं, "अजून बघतोय." हे 'बघतोय' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. नावं द्यायची मुदत संपत येते तसा स्वाभिमान उतरत जातो, आणि शेवटी स्वारगेटच्या शेअर रिक्षातलं चित्र होतं. "कात्रज, कात्रज, एक सीट!" ज्याला कात्रजला जायचंय तो आत. शेजारी कोण बसलंय, कुठल्या गावचा, जेवतो काय, हे विचारायला वेळ नसतो. रिक्षा पहिल्याच चौकात बंद पडली तर दोघं आपापल्या वाटेनं जातात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात दुसऱ्या रिक्षात दिसतात.

2020 मध्ये बालेवाडीत दुहेरी जिंकली ती स्वीडनचा आंद्रे गोरान्सन आणि इंडोनेशियाचा क्रिस्टोफर रुंगकट यांनी. हरवलं कुणाला? इस्रायलचा जोनाथन एर्लिक आणि बेलारूसचा आंद्रेई वासिलेव्हस्की यांना. चार माणसं, चार देश, स्थळ म्हाळुंगे-बालेवाडी. एर्लिक तेव्हा 42 वर्षांचा होता. माझ्या पुढच्या रांगेतल्या नी-कॅपवाल्यांनी ते कळताच आपल्या पायाकडे अशा काही नजरेनं पाहिलं की पायालाच संकोच वाटावा.

चौघं कोर्टावर उतरले की आधी डोळ्यांत भरतं ते बोलणं. एकेरीचा खेळाडू बोललाच तर स्वतःशी, नाहीतर पंचाशी. दुहेरीवाले दर पॉइंटनंतर एकमेकांजवळ येतात, तोंडासमोर बॉल धरतात आणि कुजबुजतात. समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून हा पडदा. दोन पॉइंटांच्या मध्ये 25 सेकंद असतात. सर्व्हिस मधल्या रेषेवर टाकायची, बाहेर काढायची की अंगावर मारायची आणि नेटवरच्यानं जागा सोडायची की नाही, एवढंच ठरवायचं असतं. त्याला पाच सेकंद पुरतात. उरलेल्या वेळात ते काय बोलतात, याचा मी खूप विचार केला आहे. माझी खात्री आहे की रात्री जेवायला कुठं जायचं ते ठरवत असणार. चेहऱ्यावरचा ताण अगदी तसाच दिसतो.

दुसरी गोष्ट खुणांची. नेटजवळ उभा असलेला गडी पाठीमागे हात नेऊन बोटं दाखवतो. सर्व्हिस करणाऱ्यानं ती बघायची आणि होय किंवा नाही म्हणायचं. मूठ मिटली तर मी इथंच, पंजा उघडला तर मी पलीकडे झेप घेणार, असा साधारण संकेत. मग तो कधीकधी मधोमध, नेटच्या खाली डोकं जाईल इतका वाकून बसतो. मागून जोडीदाराची सर्व्हिस ताशी 200 किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं त्याच्या टाळूवरून जाते. त्याला ती दिसत नाही. मागचा आपला मित्र आहे, त्याच्या मनात आपल्याबद्दल काही नाही, कालच्या हॉटेलच्या बिलावरून झालेलं तो विसरला आहे, या विश्वासावर तो बसलेला असतो.

हे सगळं आमच्या क्लबातल्या मंडळींनी बालेवाडीत पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून सुरू केलं.

क्लबात एक डॉक्टर आणि एक निवृत्त बँक मॅनेजर गेली कित्येक वर्षं जोडीनं खेळतात. इतकी वर्षं झाली तरी दोघांत अहो-जाहोच आहे, त्यामुळे भांडणसुद्धा आदरार्थी बहुवचनात चालतं. खुणांचं पर्व सुरू झालं तेव्हा डॉक्टर नेटवर गेले आणि त्यांनी पाठीमागे बोटं दाखवली. मॅनेजरसाहेब बेसलाइनवर थांबले. चष्मा बाकावर होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन!"

"दोन म्हणजे काय ठरलं होतं?"

"अहो, मधल्या रेषेवर!"

समोरचे दोघं निमूटपणे मधल्या रेषेकडे सरकले. सर्व्हिस बाहेर गेली, नेटमध्ये गेली, शेवटी डबल फॉल्ट झाला, म्हणून गुपित फुटल्याचं काही नुकसान झालं नाही. वाकून बसायचा प्रयोग कुणी केला नाही. वाकणं जमलं असतं, पण उठणं हा स्वतंत्र कार्यक्रम झाला असता आणि कोर्ट आठ वाजता मुलांच्या बॅचला द्यावं लागतं.

पण क्लबाला खरी जड गेली ती हात मिळवायची पद्धत. व्यावसायिक दुहेरीत पॉइंट जिंकला तरी तळव्यावर तळवा, हरला तरी तळव्यावर तळवा. ऐन मोक्याच्या क्षणी जोडीदारानं डबल फॉल्ट केला तरीही. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आपल्याकडे चूक करणाऱ्याच्या दिशेनं न बघणं हीच सौजन्याची परमावधी. माणूस आपल्या रॅकेटच्या तारा तपासतो, आकाशाकडे बघतो, फार झालं तर "असू द्या" म्हणतो. डॉक्टरांचं 'असू द्या' तर असं येतं की नातेवाईकांनी बाहेर जाऊन फोन करायला लागावं. बालेवाडीहून आल्यावर मात्र त्यांनी ठरवून हात पुढे केला. मॅनेजरसाहेबांना वाटलं, बॉल मागतायत. त्यांनी बॉल दिला.

आता मधला बॉल. व्यावसायिकांत त्याचेही संकेत आहेत: ज्याचा फोरहँड मध्ये येतो त्यानं घ्यावा, किंवा आधीचा फटका ज्यानं मारला त्यानंच पुढचा घ्यावा. दोघं आधी ठरवतात, ऐन वेळी ओरडतात, आणि तरीही मोठमोठ्यांच्या मधून बॉल जातो. गेला की दोघंही छातीवर हात ठेवतात: माझी चूक. क्लबात ओरडणं आहे, दिशा वेगळी. "घ्या!" डॉक्टर म्हणतात. "तुमचा!" मॅनेजरसाहेब म्हणतात. बॉल दोघांच्या मधून सावकाश जातो. दोघं मागे वळून त्याला नजरेनं पोचवतात. मग दोघंही "सॉरी" म्हणतात, पण त्या सॉरीचं बोट शेजारच्याकडे असतं.

गुणपद्धतीबद्दल थोडं. 2005 मध्ये दुहेरीवाले कोर्टात गेले. या वेळी न्यायालयाच्या. आयोजकांना दुहेरी आखूड करायची होती, एकेरीच्या खेळाडूंना तिच्याकडे वळवायचं होतं, आणि आपला धंदा बसणार असं दुहेरीवाल्यांना दिसत होतं. तडजोड होऊन 2006 पासून एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, दुहेरीत ड्यूसनंतर एकच निर्णायक पॉइंट आला आणि तिसऱ्या सेटच्या जागी 10 गुणांचा टायब्रेक. निर्णायक पॉइंटला सर्व्हिस कोणी घ्यायची ते घेणारी जोडी ठरवते. व्यावसायिक खेळाडू हे एका नजरेत ठरवतात. क्लबात मी "तुम्ही घ्या", "छे, तुम्हीच घ्या" एवढ्यावर समोरच्या सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा गार पडलेला पाहिला आहे.

अमेरिकेच्या बॉब आणि माइक ब्रायन यांना यातलं काही ठरवावं लागत नसे. जुळे भाऊ. एक डावखुरा, एक उजवा. दोघांनी मिळून 16 ग्रँड स्लॅम जिंकली, दर विजयानंतर उडी मारून छातीवर छाती आपटली, आणि बँकेत खातंही एकच ठेवलं. 2018 च्या उन्हाळ्यात बॉबचा खुबा गेला. माइकनं जॅक सॉकला घेतलं आणि जुलैत विम्बल्डन जिंकलं. ऑगस्टमध्ये बॉबनं शस्त्रक्रिया करून खुब्यात धातू बसवून घेतला. सप्टेंबरात माइकनं त्याच सॉकबरोबर अमेरिकन ओपनही जिंकलं. जानेवारीत बॉब मेलबर्नच्या कोर्टावर हजर! डॉक्टरांना हे पुनर्वसन वैद्यकशास्त्राचं यश वाटतं. मला वाटतं, जुळा भाऊ दुसऱ्याबरोबर करंडक घेऊन घरी येतो तेव्हा हाडं आपोआप लवकर जुळत असावीत.

आणि आपल्याकडे लिअँडर पेस आणि महेश भूपती. 1999 मध्ये या दोघांनी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकलं, आणि मग त्यांचं बिनसलं. मग जमलं. मग बिनसलं. त्या काळात देश टेनिस बघतच नव्हता. हे दोघं एकमेकांकडे बघतात का, ते बघत होता. "काल हात मिळवला का?" "मिळवला, पण बोटं नुसती टेकवली." 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात ते तिसरा सेट 14-16 असा हरले, आणि आमच्या पिढीच्या कित्येक लोकांनी त्या रात्री दूरदर्शन संचावर राग काढला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकआधी तर भूपती आणि रोहन बोपण्णा यांनी पेसबरोबर खेळणार नाही म्हणून सांगितलं. संघटना मध्ये पडली, मंत्रालयापर्यंत गाजलं, अखेर दोन जोड्या पाठवल्या: भूपती-बोपण्णा आणि पेस-विष्णुवर्धन. दोन्ही दुसऱ्या फेरीत बाद. खर्चाच्या बाजूनं विचार करणारे एक काका तेव्हा म्हणाले होते, "हरायचंच होतं तर एकाच जोडीत भागलं असतं." पुढे पेस-भूपतीच्या दोस्ती-दुष्मनीवर अख्खी वेब मालिका निघाली. त्यांच्या बॅकहँडवर कुणी मालिका काढली नसती.

हाच बोपण्णा 2010 मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत गेला. संयुक्त राष्ट्रांतले भारताचे आणि पाकिस्तानचे राजदूत शेजारी-शेजारी बसून सामना बघत होते. ब्रायन बंधूंनी दोन टायब्रेक जिंकून तो सामना नेला. पण हिंदुस्थान-पाकिस्तानातली दोन माणसं एकाच बाजूला उभी आहेत, मधून बॉल येतोय, आणि त्यातला एक "तुझा" म्हणतोय, दुसरा तो खरंच घेतोय, हे बघून दोन्ही राजदूतांना घरी काय अहवाल पाठवावा असा पेच पडला असेल.

पुण्यावर बोपण्णाचे उपकार आहेत. 2019 मध्ये दिविज शरणबरोबर आणि 2022 मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर, अशी त्यानं बालेवाडीची दुहेरी दोनदा जिंकली. 2019 ला ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओमारा या ब्रिटिश जोडीविरुद्ध अंतिम सामना होता आणि आपली माणसं जिंकतायत म्हटल्यावर दुहेरीला अचानक प्रतिष्ठा आली. पाठ दाखवणारे तोंड दाखवू लागले. सल्ले सुरू झाले. "बोपण्णा, पुढे ये!" "शरण, लॉब टाक, लॉब!" जगातल्या पहिल्या पन्नासांतल्या माणसाला लॉब टाकायला सांगणारे गृहस्थ हातातल्या कॉफीचा कप कठड्यावर नीट ठेवू शकत नव्हते. तरी त्यांचं ऐकलं गेलं असं त्यांचं आजही म्हणणं आहे. 6-3, 6-4 हा पुरावा.

पण कळस झाला 2024 च्या जानेवारीत. बोपण्णा आणि ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन यांनी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. बोपण्णाचं पुरुष दुहेरीतलं हे पहिलं ग्रँड स्लॅम, वय 43, आणि त्याच फेऱ्यात तो जगातला पहिल्या क्रमांकाचा दुहेरी खेळाडूही झाला. इतक्या वयात कुणीच झालेलं नव्हतं. अंतिम सामन्यात हरलेल्या इटालियन जोडीत आंद्रेआ वावासोरी होता. त्याची एक गंमत इथंच सांगतो. 2025 मध्ये अमेरिकन ओपनवाल्यांनी मिश्र दुहेरीत एकेरीतले तारे भरले, बक्षीस 10 लाख डॉलर केलं आणि नेहमीच्या दुहेरीवाल्यांना जवळपास दारच बंद केलं. आदल्या वर्षीचे विजेते म्हणून सारा एर्रानी आणि हा वावासोरी तेवढे आत घेतले. आणि जिंकलं कोण? तेच दोघं. ताऱ्यांना मधला बॉल कोणाचा ते ठरवता आलं नसावं.

तर बोपण्णा. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती, वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत होता. मग त्यानं अय्यंगार पद्धतीचा योग सुरू केला आणि त्यामुळे गुडघे सावरले असं त्यानं स्वतः सांगितलं. हे वाक्य छापून आलं मात्र, आमच्या क्लबात सकाळी चहाच्या टेबलावर ऑस्ट्रेलियन ओपनचं श्रेय ठरवण्याचं काम सुरू झालं. बी. के. एस. अय्यंगार कुठले? कर्नाटकातले, पण राहिले कुठं? पुण्यात. 1937 मध्ये पोरसवदा वयात त्यांना योग शिकवायला पुण्यात कुणी बोलावलं? डेक्कन जिमखान्यानं. आणि डेक्कन जिमखान्यावर काय खेळतात? टेनिस. एकेक दुवा जुळत गेला आणि दुसरा चहा येईपर्यंत मेलबर्नचा करंडक भांडारकर रस्त्यापर्यंत आलेला होता. कूर्गची कॉफी, बोपण्णाचं घराणं, तीस-एक वर्षांची मेहनत, एब्डनची सर्व्हिस, सगळं मान्य. पण मूळ धरलं तर पुणंच.

परिणाम दूरवर गेला. दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी योगवर्गात नाव घातलं. डॉक्टरांनी आधी टिंगल केली, मग पट्टा आणि लोड विकत आणले, मग तेही जाऊ लागले. दोघांचेही गुडघे खरोखरच सुधारले. सुधारले म्हणजे किती, तर वर्षानुवर्षं जो बॉल नुसता बघावा लागायचा त्याच्यापर्यंत दोघंही पोचायला लागले. एकाच वेळी.

परवा समोरच्यांनी बरोबर मधोमध मारला. "घेतो!" डॉक्टर म्हणाले. "घेतो!" मॅनेजरसाहेब म्हणाले. खाड्कन आवाज झाला. डॉक्टरांची नवी रॅकेट फ्रेमपाशी चिरली आणि मॅनेजरसाहेबांच्या हाताला झिणझिण्या आल्या. बॉल कुठं गेला ते कुणी पाहिलंच नाही.

"अहो, माझा होता," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा कसा? माझा होता," मॅनेजरसाहेब म्हणाले.

समोरच्या दोघांनी घड्याळ पाहिलं, बाकावर जाऊन टॉवेल पांघरला आणि पाण्याच्या बाटल्या उघडल्या.